दारिद्र्यरेषेच्या वरचे घर किती सुरक्षित आहे?

पाच माणसांचे एक घर डोळ्यांसमोर आणा. नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुले आणि म्हातारी आई. मराठवाड्यातले गाव, दोन एकर कोरडवाहू जमीन, त्यात सोयाबीन आणि तूर, आणि उरलेल्या दिवसांत दोघांची मजुरी. महिन्याचा घरखर्च तेरा हजार, म्हणजे माणशी २,६०० रुपये. एका पावसाळ्यात आई अंगणात घसरून पडते आणि खुब्याचे हाड मोडते. जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी दवाखान्यात शस्त्रक्रिया होते. औषधे, तपासण्या, गाडीभाडे असे सगळे मिळून १,४०,००० रुपये जातात. हा पैसा उभा करताना दोन शेळ्या अठरा हजारांना विकल्या जातात, बायकोचे डोरले बत्तीस हजारांत गहाण पडते आणि उरलेले नव्वद हजार गावातल्याच एकाकडून तीन रुपये शेकड्याने उचलले जातात. आकडे मी माझ्या पदरचे घातले आहेत, पण घर कुणालाही ओळखता येईल असे आहे.

आता या घरी सरकारी पाहणीचा गणक येतो असे समजू. केंद्र सरकारची घरगुती उपभोग खर्चाची पाहणी हा आपल्याकडचा गरिबी मोजण्याचा मुख्य आधार आहे. तिच्यात धान्य-भाजीपाल्याचा खर्च थोड्या दिवसांच्या आठवणीवर विचारतात आणि कपडे, शिक्षण, टिकाऊ वस्तू व दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च गेल्या ३६५ दिवसांचा विचारतात. गणक प्रामाणिकपणे १,४०,००० हा आकडा लिहितो. त्याला बाराने आणि मग पाचाने भागले, की माणशी दरमहा २,३३३ रुपये येतात. ते आधीच्या २,६०० मध्ये मिळवले जातात आणि या घराचा माणशी मासिक खर्च ४,९३३ रुपये होतो. २०२२-२३ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागाची सरासरी ३,७७३ रुपये होती. म्हणजे जे घर धडधाकट असताना सरासरीच्या खाली होते, ते कंबरडे मोडल्यानंतर सरासरीच्या बरेच वर गेले. कोष्टकात ते सुधारलेले घर म्हणून बसते.

दुसऱ्या वर्षी नव्वद हजारांचे व्याज महिन्याला २,७०० रुपये जाऊ लागते. व्याज आणि कर्जाची परतफेड उपभोगात धरली जात नाही, कारण तो पैसा काही खाण्या-ल्यायला वापरलेला नसतो. मिळकत तेवढीच आणि वरचे २,७०० व्याजात गेले, की माणशी खर्च २,०६० रुपयांवर उतरतो आणि घर ग्रामीण भारताच्या तळाच्या पाचव्या हिश्श्यात जाते. म्हणजे घाव बसला त्या वर्षी घर वर दिसते, वर्ष उलटल्यावर खाली दिसते, आणि ते खाली का आले याची नोंद त्या कोष्टकात कुठेच नसते. यात गणकाची चूक नाही आणि घरमालकानेही काही लपवलेले नाही. दोष मापातच आहे.

गरिबी मोजायची म्हणजे आज किती माणसे एका रेषेच्या खाली आहेत ते मोजायचे, असे आपण गेली साठ वर्षे धरून चाललो आहोत. रेषेच्या वर असलेले घर कशाच्या आधाराने वर आहे, तो आधार किती दिवस पुरेल आणि तो सुटला तर घर कुठे जाऊन आदळेल, हे मोजण्याचा प्रयत्न आपण जवळजवळ केलेला नाही. हा केवळ अर्थशास्त्रज्ञांच्या आवडीचा विषय असता तर त्यासाठी एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण स्वस्त धान्य कोणाला, दुष्काळाची मदत कोणाला, घरकुल कोणाला हे सगळे याच मोजमापाच्या नात्यातल्या याद्यांवर ठरते, आणि पाय घसरत असलेले घर त्या याद्यांत सापडत नाही.

या मोजमापाचा इतिहास आपल्याला परका नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकात तुरुंगातल्या कैद्याच्या आणि बोटीवरून परमुलखात जाणाऱ्या मजुराच्या शिध्यावरून माणसाला जगायला वर्षाला किमान किती रुपये लागतात याचा हिशेब मांडला. तो प्रांताप्रांतानुसार १६ ते ३५ रुपये येत होता. स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये नियोजन मंडळाच्या कार्यगटाने १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात माणशी दरमहा वीस रुपये आणि शहरात पंचवीस रुपये ही किमान पातळी सुचवली. या वीस रुपयांत आरोग्य आणि शिक्षण यांचा खर्च धरलेला नव्हता, कारण त्या दोन्ही गोष्टी सरकार पुरवील असे गृहीत होते. मला ही संपूर्ण इतिहासातली सर्वांत महत्त्वाची ओळ वाटते. रेषा पुढे चालत राहिली, तिच्यात महागाईची भर पडत गेली. गृहीतक मात्र वाटेतच गळून पडले आणि त्याची फारशी कोणी चौकशी केली नाही.

१९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी २,२५० उष्मांकांचा आधार घेऊन देशातील दारिद्र्याचा अभ्यास मांडला, आणि भुकेशी जोडलेली रेषा सार्वजनिक चर्चेत आली. १९७९ मध्ये य. के. अलघ यांच्या कार्यदलाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० उष्मांक ठरवले. १९९३ मध्ये लकडावाला गटाने राज्यवार रेषा सुचवल्या. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने उष्मांकांची नाळ तोडून आरोग्य आणि शिक्षणावरचा खर्चही हिशेबात घेतला. ही खरी सुधारणा होती. पण खर्च झाला म्हणजे गरज भागली आणि खर्च वाढला म्हणजे घर सुधारले, हा समज तिनेही गेला नाही.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सादर झालेल्या प्रतिज्ञापत्रात शहरात दिवसाला ३२ आणि खेड्यात २६ रुपये हा आकडा आला, तेव्हा देशभर संताप उसळला. तो रास्त होता. २०१४ मध्ये रंगराजन समितीने तो शहरासाठी ४७ आणि खेड्यासाठी ३२ रुपयांवर नेला आणि २०११-१२ मधील गरिबांची संख्या सुमारे २७ कोटींवरून ३६ कोटींवर गेली. तो अहवाल स्वीकारला गेला नाही आणि त्यानंतर केंद्राने अधिकृत रेषा जाहीर केलेली नाही. मात्र त्या सगळ्या वादात भांडण झाले ते रेषेच्या उंचीवरून. ती बत्तिसावर ठेवावी की सत्तेचाळिसावर, यावर स्तंभच्या स्तंभ लिहिले गेले. एकच घर एका वर्षी रेषेच्या या बाजूला आणि दुसऱ्या वर्षी त्या बाजूला का असते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची सामग्री आपल्याच दाराशी होती. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७५ पासून काही निवडक गावांत त्याच त्या कुटुंबांची वर्षानुवर्षे पाहणी केली. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण, अकोल्याकडील कंझारा आणि किनखेडा ही महाराष्ट्रातील गावे त्यात होती. तेव्हाच्या आंध्रातील औरेपल्लीसारखी गावेही होती. पाहणी करणारे कार्यकर्ते गावातच मुक्कामाला असत आणि दर काही आठवड्यांनी त्याच उंबरठ्यावर जात. एकदा येऊन वर्षभराचे विचारून जाणारा गणक आणि गावात राहून कोणाची बैलजोडी कधी विकली हे पाहणारा माणूस, या दोघांच्या वहीत फरक पडणारच.

त्या गावांच्या नऊ वर्षांच्या माहितीवरून पुढे जो हिशेब निघाला, तो मला आजवर वाचलेल्या गरिबीच्या सगळ्या आकड्यांत अधिक बोलका वाटतो. नऊच्या नऊ वर्षे गरीब असलेली कुटुंबे होती २१.८ टक्के. एकाही वर्षी गरीब नसलेली होती अवघी १२.४ टक्के. उरलेली ६५.८ टक्के, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश कुटुंबे, कधी रेषेखाली तर कधी रेषेवर होती. कोणत्याही एका वर्षाची पाहणी या मधल्या कुटुंबांपैकी काहींना गरीब ठरवील आणि काहींना ठरवणार नाही. पुढच्या वर्षी नावे बदलतील, टक्केवारी कदाचित तीच राहील. टक्केवारी हलली नाही म्हणून कोणी हलले नाही असे मानणे, ही आपण सातत्याने केलेली चूक आहे.

गरिबीचे अभ्यासक अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थान, गुजरात, आंध्र आणि पुढे केनिया, युगांडा, पेरू येथील गावांत लोकांनाच एकत्र बसवून विचारले, की पंचवीस वर्षांपूर्वी कोणते घर कोणत्या स्थितीत होते आणि आज कोणते आहे. त्यांना दिसले ते असे, की त्याच गावात, त्याच काळात, काही घरे गरिबीतून बाहेर पडत होती आणि काही नव्याने गरिबीत जात होती. आणि वर येण्याची कारणे व खाली जाण्याची कारणे ही एकाच नाण्याच्या दोन बाजू नव्हत्या. घर वर येई ते शहरातल्या कामामुळे, जोडधंद्यामुळे, सिंचनामुळे. खाली जाई ते आजारपणामुळे, त्यावरच्या खर्चामुळे, लग्न-अंत्यविधीच्या खर्चामुळे आणि जबर व्याजाच्या कर्जामुळे. याचा अर्थ सरळ आहे. रस्ता झाला, विहीर झाली, बाजार जवळ आला म्हणून घरे वर येतील, पण तेवढ्याने त्यांची घसरण थांबणार नाही. वरून पाणी ओतणे आणि रांजणाची गळती बुजवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि रांजणातली पातळी पाहून गळती किती आहे ते कळत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला टाळायचा नाही. देशातील गरिबी खरोखरच कमी झाली आहे. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये आपली रेषा दिवसाला तीन डॉलर केली, आणि त्या मापाने भारतातील अतिगरिबीचे प्रमाण २०११-१२ मधील २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आले. दोन पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे या तुलनेवर शंका घेतल्या गेल्या आहेत, तरी दिशेबद्दल माझ्या मनात संशय नाही. खर्चाऐवजी आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान पाहणाऱ्या नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकानेही २०१५-१६ मधील २४.८५ टक्के हे प्रमाण २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आल्याचे दाखवले. वीज, शौचालय, बँकेचे खाते या गोष्टी गावागावांत पोचल्या आहेत आणि ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वीची खेडी पाहिली आहेत त्यांना हे सांगावे लागत नाही.

पण याच जागतिक बँकेने दुसरी रेषा दिवसाला ४.२० डॉलरवर धरली, तर भारतातील प्रमाण २३.९ टक्के निघते. म्हणजे तीन आणि ४.२० डॉलरच्या मधल्या अरुंद पट्टीत देशातली अठरा-एकोणीस टक्के माणसे उभी आहेत. अतिगरीब नाहीत म्हणून त्यांचे नाव वगळायचे आणि त्यांच्यासाठी काही राखून ठेवायचे नाही, हे मला धोक्याचे वाटते. बहुआयामी निर्देशांकाची अडचण वेगळी आहे. त्यातल्या बऱ्याच गोष्टी एकदा घरात आल्या की सहसा जात नाहीत. खुब्याची शस्त्रक्रिया झाली म्हणून आपल्या त्या घरातले शौचालय नाहीसे होत नाही, विजेची तार कोणी काढून नेत नाही, बँकेचे खाते रिकामे झाले तरी खाते असतेच. त्या निर्देशांकात ते घर जिथे होते तिथेच दिसेल. साधनांची वाढ मोजायला तो चांगला आहे. पण डोरले गहाण पडले हे त्याला कळत नाही.

यादीतल्या नावांकडे वळले, की ही गोष्ट अधिक बोचते. २००२ मध्ये खेड्यांत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची जी गणना झाली तिच्यात तेरा निकष होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. कपडे किती, घर कसले, जेवण किती वेळा अशा उत्तरांवर गुण पडत, आणि एकदा ते पडले की घराच्या कपाळी वर्षानुवर्षे तेच राहत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे चित्र बरेच रुंदावले. महाराष्ट्रात ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के आणि शहरी भागातील ४५.३४ टक्के, मिळून सुमारे सात कोटी लोक त्यात आले. पण ही संख्या २०११ च्या जनगणनेवर बांधलेली आहे. तहसील कार्यालयातल्या लोकांच्या तोंडी तिला ‘इष्टांक’ म्हणतात. नवरा गेल्यावर वेगळी राहू लागलेली बाई नव्या शिधापत्रिकेसाठी अर्ज करते तेव्हा तिला उत्तर मिळते, की इष्टांक शिल्लक नाही. तिची गरज खरी आहे की खोटी हा प्रश्न तिथे येतच नाही. जागा भरलेल्या आहेत, आणि ज्यांनी त्या भरल्या त्यांच्यातले कोण आता सावरले आहे, हे पाहण्याची नियमित व्यवस्था नाही.

त्या कायद्यानंतर राज्याने प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा खेड्यात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये ठरवली. घरातल्या एकाच माणसाला दिवसाला दीडशे रुपये मजुरी मिळाली आणि त्याला वर्षात तीनशे दिवस काम लागले, तरी पंचेचाळीस हजार होतात. म्हणजे जो खरे उत्पन्न सांगेल तो बाहेर जाईल. म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यावर मर्यादेच्या आतला आकडा येतो, हे देणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला माहीत असते आणि पुढे ठेवून घेणाऱ्यालाही माहीत असते. पोटासाठी धान्य मिळवताना माणसाला खोटे लिहून द्यावे लागते, ही गोष्ट मला भ्रष्टाचारापेक्षाही अधिक अपमानाची वाटते.

दुष्काळाचे मोजमाप तर घराकडे पाहतच नाही. आपली पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या मानाने पीक किती आले याचा सरकारी अंदाज, पिकाची असते. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली, की टंचाईच्या सवलती सुरू होतात, आणि नुकसानभरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला आणि क्षेत्राला मिळते. ज्याच्याकडे सातबारा नाही, पण ज्याची मजुरी त्याच पिकाच्या खुरपणी-काढणीवर होती, त्या भूमिहीनाचे नुकसान कोणत्याच कागदावर चढत नाही. कुळाने किंवा बटईने जमीन कसणाऱ्याचीही तीच गत. शेतकऱ्याला भरपाई मिळू नये असे मला म्हणायचे नाही; ती आधीच तोकडी आणि उशिरा मिळते. पण पाऊस गेला की पहिला फटका ज्याला बसतो त्याला मोजण्याचे साधन आपल्याजवळ नाही, हे मान्य करायला हवे.

हे अशक्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये. केनियाच्या उत्तरेकडील तुर्काना, मार्साबिट, वजीर आणि मांडेरा या कोरड्या भागांत रोख मदतीची जी योजना चालते, तिच्यात नेहमीच्या लाभार्थ्यांबरोबर इतर घरांचीही नोंद आधीच करून ठेवली आणि त्यांची बँकखाती उघडली. उपग्रहावरून दिसणारी हिरवळ ठरावीक पातळीखाली गेली, की या एरवी योजनेबाहेर असलेल्या घरांच्या खात्यातही त्या काळापुरते पैसे जमा होतात. कोणी दाखला आणायचा नाही, कोणी रांग लावायची नाही. आपल्यापेक्षा गरीब देशाने हे केले. आपल्याकडे तर खाती आहेत, आधार आहे, पर्जन्यमापकांचे जाळे आहे.

आणि महाराष्ट्राने तर याहून जुनी आणि, माझ्या मते, याहून चांगली युक्ती जगाला दाखवलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांवर आली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकार घेतलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या कायद्याने कोण गरीब आहे हे विचारलेच नाही. जो उन्हात येऊन माती उचलायला तयार आहे त्याला काम द्यायचे, एवढेच ठरवले. घसरणारे घर स्वतःच्या पायांनी चालत येऊन नाव नोंदवत असे आणि सावरले की आपणच येणे बंद करत असे. हजेरीपटावरची वाढती नावे हा त्या तालुक्याच्या हालअपेष्टांचा ताजा अंदाज होता. उत्पन्नाच्या दाखल्यापेक्षा तो कितीतरी खरा होता. पुढे २००५ मध्ये देशाने ही कल्पना उचलली. तिच्यातही उणिवा होत्या, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना ती उपयोगी नव्हती, मजुरी वेळेवर मिळत नसे. तरी मोजमाप आणि मदत एकाच जागी आणण्याची ती रीत आपण मोलाची मानायला हवी होती.

विषमतेबद्दल थोडेच सांगतो. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारच्या प्रसिद्धीपत्रकात भारताचा गिनी गुणांक, म्हणजे विषमतेचे माप, २५.५ असून आपण जगातील सर्वाधिक समान देशांपैकी एक आहोत असे म्हटले गेले. हा गुणांक खर्चाचा आहे आणि ज्या देशांशी तुलना झाली त्यांपैकी अनेकांचा उत्पन्नाचा. श्रीमंत माणूस उत्पन्नाचा मोठा भाग शिल्लक टाकतो, म्हणून खर्चातली दरी सहसा उत्पन्नातल्या दरीपेक्षा लहान दिसते. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अभ्यासाप्रमाणे २०२२-२३ मध्ये देशातल्या उत्पन्नाचा २२.६ टक्के हिस्सा वरच्या एक टक्का लोकांकडे होता. माझ्या दृष्टीने विषमतेचा खरा अर्थ याहून साधा आहे. तेच खुब्याचे हाड पुण्यातल्या विमाधारकाच्या आईचे मोडले, तर घरातल्या मुलाच्या शिकवणीवर परिणाम होत नाही. सारखाच धक्का पचवण्याची ताकद कोणात किती आहे, हे खर्चाच्या गुणांकात दिसत नाही.

मग काय मोजावे? नव्याने फार काही शोधून काढावे लागणार नाही. कर्जाची पाहणी आपल्याकडे होते. २०१९ च्या पाहणीत ग्रामीण भागातील ३५ टक्के कुटुंबांवर कर्ज होते आणि त्या कर्जाचा सुमारे एक-तृतीयांश भाग बँका-सोसायट्यांच्या बाहेरचा होता. आजारपणाच्या खर्चाची पाहणी होते. २०१७-१८ मध्ये बाळंतपण सोडून खासगी दवाखान्यात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च ३१,८४५ रुपये आणि सरकारी दवाखान्यात ४,४५२ रुपये आला होता. उपभोगाची पाहणी तर होतेच. पण या तीन पाहण्यांतली घरे वेगवेगळी असतात. एका वहीत आजार आहे, दुसरीत कर्ज, तिसरीत ताटातले अन्न. आणि एकाच घरात या तिन्ही गोष्टी कशा एकमेकींना ओढतात, हे कुठेच दिसत नाही. म्हणून माझी मागणी एवढीच आहे, की त्याच घरांकडे निदान चार-पाच वर्षे पुन्हा पुन्हा जावे. श्रमबलाच्या सरकारी पाहणीत निवडलेल्या घरांकडे चार वेळा जाण्याची पद्धत आहेच, तेव्हा हे यंत्रणेला जमत नाही असे नाही. प्रत्येक भेटीत गेल्या वर्षी काय विकले, काय गहाण टाकले, कोणाकडून किती व्याजाने घेतले, कोणाची शाळा सुटली, हे विचारावे. दवाखान्याचा मोठा खर्च उपभोगाच्या बेरजेत न मिळवता वेगळा दाखवावा. या शेवटच्या गोष्टीला तर नव्या पाहणीचीही गरज नाही, आहे त्याच माहितीवर ते करता येते.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, याचे श्रेय द्यायलाच हवे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा पाच लाखांवर गेली आणि ती सर्वांसाठी खुली झाली, हेही मोठे पाऊल आहे. परंतु योजनेत नसलेल्या दवाखान्याचे बिल ती देत नाही, आणि आईजवळ बसून राहिलेल्या सुनेची बुडालेली मजुरीही देत नाही. या योजनेने किती घरे घसरता घसरता वाचली, हे सांगायला सरकारलाही आवडेल. पण घसरणच मोजलेली नसल्यामुळे ते सांगता येत नाही.

आपल्या त्या घराचे तिसरे वर्ष राहिले. व्याज थकले, तेव्हा नवरा-बायकोने ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतली. जोडप्याला तिथे एक कोयता म्हणतात आणि उचल कोयत्याच्या हिशेबाने मिळते. दिवाळी झाली की दोघे कारखान्याच्या पट्ट्यात निघून गेली, धाकट्याला बरोबर घेऊन. तो आता शाळेऐवजी उसाच्या फडाजवळच्या कोपीत असतो. मोठी मुलगी मामाकडे राहते. म्हातारीला लेक घेऊन गेली आहे. माघ महिन्यात गणक पुन्हा गावात आला तर त्याला दाराला कुलूप दिसते. तो शेजाऱ्याला विचारतो आणि शेजारी सांगतो, ‘तोडीला गेलेत, पाडव्याच्या पुढं-मागं येतील.’ गणक यादीत घर बंद असल्याची खूण करतो आणि नियमाप्रमाणे त्याच्या जागी पुढचे उघडे घर घेतो.